अकरावी पायरी

हसन परकार, जैतापूरचा, बोटीवर तेलवाला.
लढाई संपली तसा खाडी ओलांडून आला
विजयदुर्गला, बाबांच्या मांगरात,
जिथे दोन वर्षं एक मछवा
बरगड्या उघड्या टाकून पडला होता.
साग सगळा लष्कराने उचललेला.

खोक्यावर बसून, चहा बशीत ओतत
हसन म्हणाला, रवळू मेस्त,
तिकडे चाळीस दिवसांत जहाज होतं.
बाबा काथ्या वळत होते. हात थांबला नाही.
"चाळीस दिसांत माजी एक फळी सुकणा नाय."

फळी नाही, म्हणाला, खिळा नाही, कलाफत नाही.
लोखंडाला लोखंड विस्तवाने शिवतात,
आणि शिवतात बायका, डोळ्यांवर काळी काच लावून.
चेहरा सगळ्यांचा एक. आमच्या कंपनीत आली त्यांची नावंही
सॅमपासून सुरू.
डर्बनला मी रात्री दुसऱ्याच सॅमवर चढलो,
कुणाच्या तरी फळीवर झोपलो,
सकाळी त्यांच्या भंडाऱ्याने हाकललं.

बाबा हसले. मग विचारलं,
"पठाणाक नारळ कोणी दिलो?"
ते हसनला ठाऊक नव्हतं.
"आनी आयुष्य किती?"
एक फेरी झाली की पैसे वसूल, असं साहेब म्हणायचा.
"आनी माणसांचा?"
हसनने बशी उपडी ठेवली.

थंड दर्यात त्यांच्या शिवणी उलायच्या म्हणे,
तोफेसारखा आवाज, आणि डेक दुभंग.
हसनच्या जहाजाला ते झालं नाही.
त्याला एडनच्या अलीकडे पाणतीर लागला, पहाटे,
खाली पाळीवर दाऊद असताना,
साखरी-नाट्याचा दाऊद, हसनच्या मावशीचा.
तो शिडीच्या अकराव्या पायरीपर्यंत आला होता.
वरून हात देणारा हसन होता.

मछवा पुढे पुरा झाला, आंब्याच्या फळ्यांवर.
चार पावसाळे चालला, आचऱ्याच्या खडपावर फुटला.
तिघे गेले.
त्यांच्या बायका कुठल्या वाळूवर बसाव्यात
ते गावात कुणालाच सांगता आलं नाही.

साठ साली मी रेडीला, खनिजाच्या बार्जवर मुकादम.
पापण्यांवर लाल माती, थुंकी लाल.
बाहेर एक जहाज नांगरलेलं,
निशाण परकं, नाव मालकाच्या बायकोचं,
आणि उन्हं कलली तेव्हा
त्या नावाच्या रंगाखाली जुने उंचवटे दिसले:
एस, ए, एम.
सातवीपर्यंतचं इंग्रजी तेवढ्याला पुरलं.
हसनचाचाला मी माणूस धाडला.

तो आला. दोन तरी, एक एस्टी,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
मी म्हटलं, हे ते नव्हे हां. ते बुडालं.
"माझ्यासमोर बुडालं," तो म्हणाला.

यंत्रखोलीच्या वाटेवरचा दिवा गेलेला.
मी भिंत चाचपडत होतो.
या जहाजावर ज्याचा पाय कधी पडला नव्हता
तो माझ्यापुढे गेला, परसातल्या विहिरीकडे जावं तसा:
नळी येते तिथे न सांगता वाकला,
उंबऱ्याला पाऊल लागू दिलं नाही,
शिडी उतरून तळाला गेला,
आणि वळून परत चढू लागला, ओठांत मोजत.

अकरावर थांबला. बसला.
पायरीवर तळवा ठेवून त्याने फातेहा म्हटली.
वर खणात आमची लाल माती पडत होती,
टोपलीमागून टोपली,
ऐकू येत होतं सगळं.
एक ग्रीक पोरगा तेलाचा डबा घेऊन आला,
बघत राहिला, मग दुसऱ्या शिडीने गेला.

बार्जवर उतरल्यावर हसनचाचाने विचारलं,
"अशी अजून किती असतील?"
मला आकडा माहीत नव्हता.
त्याच्या तळहातावर लोखंडाची जाळी उमटली होती,
ती तो दुसऱ्या हाताने झाकून बसला,
धक्का येईपर्यंत.